बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी लो-डोस सीटी: पहिल्यांदा करायला निघालात तर

“बाबांची छाती एकदा नीट बघून द्या हो. चाळीस वर्षं बिडी ओढतायत.”

सीटी स्कॅनच्या काउंटरवर उभी राहून मुलगी हे सांगत असते आणि मागे खुर्चीत बसलेले बाबा म्हणत असतात, “मला काही झालेलं नाही, उगाच पैसे घालवतेय.” गेली १९ वर्षं मी या खोलीत टेक्निशियन म्हणून काम करतोय. पूर्वी असं कुणी यायचं नाही. आता महिन्यातून दोन-चार जण तरी येतात आणि मला मनापासून बरं वाटतं. पण त्यातल्या निम्म्याअधिक लोकांच्या हातात भलतीच चिठ्ठी असते. काहींना या तपासणीची, म्हणजे कमी किरणांच्या सीटीने फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर शोधण्याची, गरजच नसते. काहींनी आमच्याकडे येण्याआधी तातडीने डॉक्टरांकडे जायला हवं असतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांच्या केबिनपासून रिपोर्टपर्यंतची वाट मला पाठ आहे.

माझे थोरले काका साखर कारखान्यात होते. रोज बिडीचं एक बंडल संपायचं. ते ६१ वर्षांचे असताना एका आरोग्य शिबिरात त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला आणि “फुफ्फुसं स्वच्छ आहेत” असं सांगितलं. घरातले सगळे निर्धास्त झालो, एक्स-रे विभागातून शिकून आलेला मीसुद्धा. सात महिन्यांनी बेडक्यातून रक्त आलं. तोवर फुफ्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. एक्स-रे म्हणजे छातीची सावली. हृदयामागे, बरगडीच्या आड, गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली लहान गाठ त्या सावलीत विरघळून जाते. शिबिरात हे कुणी बोललं नाही, आणि मला माहीत असूनही मी बोललो नाही. ते अजून सलतं.

तर पहिली गोष्ट हीच: बिडी-सिगारेटवाल्याच्या छातीचा एक्स-रे “नॉर्मल” आला म्हणून कॅन्सर नाही असं धरू नका. दरवर्षी एक्स-रे काढून मृत्यू कमी होतात का, हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलं गेलं आणि २०११ मध्ये उत्तर आलं की होत नाहीत. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधला एक्स-रे हा या तपासणीला पर्याय नाही.

सीटीची गोष्ट वेगळी निघाली. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ६० वर्षांवरच्या १,००० धूम्रपान करणाऱ्यांचा एक्स-रेही काढला आणि कमी किरणांचा सीटीही. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सीटीत २७ जणांना कॅन्सर सापडला, एक्स-रेत त्यातले फक्त ७ दिसत होते. मग अमेरिकेत ‘नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल’ झाली. ५३ हजारांहून जास्त माणसं, अर्ध्यांचा दरवर्षी एक याप्रमाणे तीनदा लो-डोस सीटी, अर्ध्यांचा एक्स-रे. २०११ चा निकाल: सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘नेल्सन’ अभ्यासाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के घट दिसली.

टक्केवारी मोठी वाटते, म्हणून दुसऱ्या बाजूनेही सांगतो. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात साधारण ३२० जणांची तपासणी केली तेव्हा एकाचा फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारा मृत्यू टळला. हा आकडा मला लहान वाटत नाही. पण उरलेल्या ३१९ जणांना तपासणीचा ताण, खर्च आणि थोडे किरण सोसावे लागतात. म्हणूनच ही तपासणी सरसकट सगळ्यांसाठी नाही.

आधी तक्रार आहे का ते बघा

स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास नसताना केलेला शोध. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला, नेहमीच्या खोकल्याचा आवाज किंवा तऱ्हा बदलणं, बेडक्यातून रक्त (एकदाच, धाग्याएवढं आलं असलं तरी), कारण नसताना वजन उतरणं, आवाज बसून तो न सुटणं, खांद्यात किंवा छातीत न थांबणारं दुखणं, बोटांची टोकं फुगीर होणं. यातलं काहीही असेल तर स्क्रीनिंगचा विचार सोडा आणि याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे वेगळा स्कॅन लागतो, बहुधा इंजेक्शन देऊन केलेला.

आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय आहे. “बिडीवाल्याला खोकला असायचाच” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागात वारंवार घडते. एक्स-रेत डाग दिसतो, टीबी समजून गोळ्या सुरू होतात, बेडका तपासलेलाच नसतो आणि चार-पाच महिन्यांनी कळतं की तो टीबी नव्हता. टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी “बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडले का?” हे स्वच्छ विचारा. गोळ्या घेऊनही डाग कमी होत नसेल तर पुन्हा जाऊन विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

हिशोब: किती आणि किती वर्षं

काही तक्रार नाही, तर आता वही-पेन घ्या. डॉक्टर जे माप वापरतात त्याला पॅक-इयर म्हणतात. रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षं.

इथे आपली लोकं हमखास फसतात. पॅक म्हणजे २० सिगारेटी. आपल्याकडे १० चं पाकीट सर्रास मिळतं, त्यामुळे “रोज एक पाकीट, २५ वर्षं” म्हणणाऱ्याचे २५ नाही तर साडेबारा पॅक-इयर होतात. रोज १५ सिगारेटी ३० वर्षं ओढल्या तर साडेबावीस. मधे पाच वर्षं सोडली असेल तर ती वजा करा. आणि खरं सांगा. बाबा मुलीसमोर “दिवसाला चार-पाच” म्हणतात आणि टेबलवर आडवे झाल्यावर, ती बाहेर गेल्यावर, मला हळूच “वीस-बावीस” सांगतात. डॉक्टरांशी बोलताना घरच्यांनी दहा मिनिटं बाहेर थांबलेलं चांगलं.

अमेरिकेत २०२१ पासूनची शिफारस अशी आहे: वय ५० ते ८०, कमीत कमी २० पॅक-इयर, आणि सध्या ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील तर वर्षातून एकदा लो-डोस सीटी. त्याआधी, २०१३ मध्ये, हीच मर्यादा वय ५५ आणि ३० पॅक-इयर अशी होती. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०२३ मध्ये सोडून किती वर्षं झाली ही अटच काढून टाकली, कारण वय वाढतं तसा धोकाही वाढतो. ब्रिटनमध्ये ५५ ते ७४ वयाच्या, कधीही धूम्रपान केलेल्या माणसांना बोलावून आधी धोक्याचा अंदाज काढतात आणि मग स्कॅन करतात. तिथे सुपरमार्केटच्या आवारात सीटीची गाडी उभी करतात, म्हणजे भाजी आणायला आलेला माणूस स्कॅन करून जातो. आपल्या आठवडी बाजारात अशी गाडी उभी राहिलेली मला बघायची आहे.

भारतात यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधला जातो, फुफ्फुसाचा नाही. त्यामुळे आपले डॉक्टर बाहेरचेच निकष समोर ठेवून माणूस बघून ठरवतात.

बिडीचं काय? बाहेरचे अभ्यास सिगारेटवर झालेत आणि बिडी-सिगारेटचं सर्वमान्य गणित नाही. बिडीत तंबाखू कमी असते म्हणून ती सौम्य, असं समजू नका. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार झुरका घ्यावा लागतो. मुंबईत हजारो लोकांच्या दीर्घ पाहणीत बिडी ओढणाऱ्यांमधला मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता, थोडा जास्तच होता. माझ्या ओळखीचे छातीचे डॉक्टर एक बिडी म्हणजे एक सिगारेट धरूनच विचार करतात. तुम्हीही डॉक्टरांना बिड्यांचा आकडा जसाच्या तसा सांगा.

मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू या हिशोबात येत नाही. तिचा घाला आधी तोंडावर पडतो, तेव्हा तोंड तपासून घ्या. ती तपासणी टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत होते. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आया-मावश्यांचा प्रश्न खरा आहे, पण त्यांच्यासाठी लो-डोस सीटीचा असा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. त्यांच्याबाबत डॉक्टरांशी स्वतंत्र बोला.

आणि ३५ वर्षांचा मुलगा, पाच वर्षं रोज तीन सिगारेटी? त्याला स्कॅन नको. त्याला सिगारेट सोडायला मदत हवी.

स्कॅनच्या आधीची भेट

ही पायरी टाळून लोक थेट सेंटरवर येतात. तसं करू नका. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना तर पहिल्या स्कॅनआधी डॉक्टरांशी अशी बैठक झाल्याशिवाय पैसेच देत नाही. छातीच्या डॉक्टरांसमोर बसून तीन गोष्टी मोकळेपणाने बोला.

एक, गाठ सापडलीच तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं), ऑपरेशन किंवा रेडिएशन झेपण्यासारखी प्रकृती आहे का. ज्यांना चार पावलांत धाप लागते, ज्यांचं हृदय फार थकलंय, त्यांच्या बाबतीत स्क्रीनिंगमधून मनस्तापच पदरी पडण्याची शक्यता जास्त असते. हे ऐकायला कठीण आहे. पण तसं सांगणारा डॉक्टर तुमच्या भल्याचंच सांगत असतो.

दोन, दरवर्षी यायची तयारी आहे का. एका स्कॅनने काम होत नाही. आषाढी चुकवायची नाही तसं हे चुकवायचं नाही, असं मी आमच्याकडच्या वारकरी आजोबांना सांगतो आणि त्यांना ते लगेच पटतं.

तीन, नसलेल्या रोगाची भीती पेलेल का. त्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात दर फेरीत सरासरी चारातल्या एकाच्या सीटीत काहीतरी “संशयास्पद” दिसलं आणि त्यातल्या ९६ टक्के लोकांना कॅन्सर नव्हता. आता मोजण्याचे नियम सुधारलेत, उगाच वाजणाऱ्या घंटा कमी झाल्यात, पण थांबलेल्या नाहीत. शिवाय काही गाठी इतक्या संथ असतात की त्या सापडल्या नसत्या तरी माणसाला आयुष्यभर त्रास झाला नसता. त्या कोणत्या हे आधी ओळखता येत नाही.

नुकताच न्यूमोनिया किंवा छातीचा संसर्ग होऊन गेला असेल तर तेही सांगा. तो पूर्ण निवळेपर्यंत, साधारण दोन-तीन महिने, थांबायला सांगतील. नाहीतर त्याचे उरलेले डाग गाठ म्हणून छळतात.

चिठ्ठीवर काय लिहून आणायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कोविडनंतर ‘एचआरसीटी चेस्ट’ हा शब्द घराघरात पोचला आणि चिठ्ठीवरही तोच येतो. तशी चिठ्ठी आली की आम्ही नेहमीच्या डोसचा स्कॅन करतो. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: “लो-डोस सीटी चेस्ट, प्लेन, लंग कॅन्सर स्क्रीनिंग”. शेजारी वय, पॅक-इयर किंवा बिड्यांचा हिशोब आणि पूर्वी टीबी झाला असेल तर त्याचं साल. ही एक ओळ रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या फार कामाची असते.

फरक किती पडतो? एका एक्स-रेत अंगात जाणारे किरण साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट. लो-डोस सीटीत दीड किंवा त्याहून कमी. नेहमीच्या छातीच्या सीटीत सहा-सात. माती, दगड, हवा, आकाश यातून प्रत्येकाला वर्षाला मिळणारे नैसर्गिक किरण जगभराच्या सरासरीने २.४. म्हणजे लो-डोस स्कॅन वर्षभराच्या नैसर्गिक किरणांपेक्षाही कमी. फुफ्फुसात हवा भरलेली असते, त्यामुळे गाठ काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यासारखी उठून दिसते आणि कमी किरणांतही भागतं. पोटाच्या स्कॅनमध्ये हे जमत नाही.

सेंटरला फोन करून विचारा: लो-डोसची वेगळी सेटिंग लावता का? रिपोर्ट ‘लंग-रॅड्स’ पद्धतीने, म्हणजे संशय किती हे ठरलेल्या आकड्यात सांगून, देता का? सीडी मिळेल का? किंमतही दोन-तीन ठिकाणी विचारा, बराच फरक असतो. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसी तक्रार नसताना केलेल्या तपासणीचे पैसे देत नाहीत, तेव्हा तेही आधीच बघून ठेवा. या स्कॅनला इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) लागत नाही आणि उपाशीही यावं लागत नाही. डायबेटिसवाले आजोबा सकाळपासून पाणीही न पिता येऊन बसतात तेव्हा फार वाईट वाटतं.

कपाटातली जुनी सीडी

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती फुकट आहे. २०२०-२१ मध्ये आपल्याकडे असंख्य लोकांचे छातीचे सीटी झाले. २५ पैकी किती स्कोअर हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पाठ असायचं. त्या वेळची सीडी किंवा फिल्म घरात कुठेतरी आहे. ती शोधा. जुने एक्स-रेही आणा, टीबीच्या उपचारांचं कार्डही आणा.

कारण आपल्या देशात टीबी बरा होऊन गेलेल्या फुफ्फुसांत डाग, गाठी, ओढल्यासारख्या रेघा असणं अगदी नेहमीचं. त्यातली गाठ नवी की जुनी हे एका स्कॅनवर सांगणं कधीकधी अशक्य असतं. मागच्या वर्षी एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले होते. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला नऊ मिलिमीटरची गाठ. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मी विचारलं, कोविडमध्ये स्कॅन झाला होता का? ती घरी गेली आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून सीडी घेऊन संध्याकाळी परत आली. आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. तीच गाठ, त्याच जागी, तेवढीच, चार वर्षांपूर्वीची. बायोप्सीची सुई टळली. ती सीडी भंगारात गेली असती तर त्या घराचे पुढचे कित्येक महिने जीव टांगणीला लागून गेले असते.

स्कॅनच्या दिवशी

कपडे सैल घाला. गळ्यातली चेन, मंगळसूत्र, ताईत, जानव्याला बांधलेली किल्ली घरीच ठेवा किंवा बरोबरच्या माणसाकडे द्या. शर्टाच्या खिशातली काडेपेटी आणि मोबाइल आम्ही काढायला लावतोच. धातू वाटेत आला की चित्रावर पट्टे उमटतात.

टेबलवर उताणं झोपायचं, दोन्ही हात डोक्यामागे. खांदा आखडलेला असेल तर आधी सांगा, उशी लावून देतो. मशीन म्हणजे मोठं कडं असतं, बंद बोगदा नसतो. बहुतेकांना एमआरआयची भीती आठवते, पण इथे तसं काही नाही. आधी एक लांब चित्र निघतं, त्यावर मी खांद्यापासून फुफ्फुसाच्या तळापर्यंत हद्द आखतो. मग मुख्य स्कॅन. एका श्वासात संपतो, दहा सेकंदांच्या आतबाहेर.

तेवढे दहा सेकंद महत्त्वाचे. श्वास सुटला की चित्र हलतं आणि हललेल्या चित्रात पाच मिलिमीटरची गाठ पुसली जाते. आमच्या मशीनमधला आवाज हिंदीत बोलतो. म्हाताऱ्या माणसांना तो कळत नाही, ते दचकून “काय?” म्हणतात आणि श्वास जातो. म्हणून मी तो आवाज बंद करून माइकवर स्वतः बोलतो: “आजोबा, मोठा श्वास घ्या... धरून ठेवा... धरा, धरा... सोडा.” घरी दोन-तीन दिवस याची सवय केलीत तर फार मदत होते. घड्याळ समोर ठेवून खोल श्वास घ्यायचा आणि दहा सेकंद धरायचा, बस.

निघताना दोन गोष्टी घ्या. सीडी किंवा पेन ड्राइव्ह, कारण फिल्मवर सगळे काप छापता येत नाहीत आणि पुढच्या वर्षी गाठ मोजायला मूळ चित्रंच लागतात. दुसरं, डोसचं पान. त्यावर सीटीडीआय नावाचा आकडा असतो. मध्यम बांध्याच्या माणसाला तो ३ मिलिग्रेपर्यंत असावा. जास्त दिसला तर शांतपणे कारण विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर

गूगल उघडण्याआधी रिपोर्टच्या शेवटी ‘लंग-रॅड्स’चा आकडा शोधा.

१ म्हणजे गाठ नाही, किंवा स्पष्टपणे निरुपद्रवी गाठ आहे. २ म्हणजे गाठ आहे पण ती जशी आहे तशी काळजीची नाही, उदाहरणार्थ पहिल्या स्कॅनमध्ये सहा मिलिमीटरपेक्षा लहान भरीव गाठ, तुरीच्या डाळीहून बारीक. बहुतेक लोक या दोनांतच असतात आणि पुढचा स्कॅन वर्षाने. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ए म्हणजे संशय आहे, साधारण आठ ते पंधरा मिलिमीटर, हरभऱ्याच्या आसपास, तीन महिन्यांनी पुन्हा. ४बी किंवा ४एक्स असेल तर थांबायचं नाही, डॉक्टर पुढच्या तपासण्या लगेच सांगतील. ० आला तर घाबरू नका. जुनी चित्रं हवी आहेत किंवा संसर्ग निवळायची वाट बघायची आहे, असा बहुधा त्याचा अर्थ.

हे थांबणं लोकांना फार अवघड जातं. “गाठ दिसतेय तर आत्ताच काढून टाका ना!” पण गाठ वाढते का, किती वेगाने वाढते, हीच तिची ओळख असते. युरोपातल्या नेल्सन अभ्यासात गाठीची रुंदी नाही तर आकारमान मोजत होते, आणि वाढणाऱ्या गाठीचं ते दुप्पट व्हायला ४०० दिवसांपेक्षा कमी लागले तर ती संशयित धरत होते. तीन महिने थांबणं हाही तपासणीचाच भाग आहे. मात्र तीन महिने म्हणजे तीनच महिने, दिवाळी झाल्यावर किंवा ऊस गेल्यावर नाही.

काही शब्द वाचून घरात रडारड होते, म्हणून सांगतो. ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ म्हणजे बहुधा जुन्या टीबीची चुना साचलेली खूण. ‘फायब्रोटिक बँड’ म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेचा वण. ‘नोड्यूल’ म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. याउलट दोन शब्द लोक वाचून सोडून देतात, ते सोडू नका. ‘एम्फिसीमा’ म्हणजे फुफ्फुसाचे फुगे फाटू लागलेत, धापेची तपासणी करून घ्या. ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुना साचलाय, रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. कॅन्सर शोधायला आलेल्या माणसाचं हृदयाचं दुखणं वेळेत सापडलं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

४बी आला तर पुढे पेट-सीटी (जास्त सक्रिय पेशी चमकवून दाखवणारा स्कॅन), सुईने बायोप्सी असा प्रवास होतो. पेटमध्ये टीबीची गाठही चमकते, त्यामुळे “पेटमध्ये चमकलं” एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, तुकडा तपासल्याशिवाय नाव ठरत नाही. बायोप्सीत फुफ्फुसाला भोक पडून हवा निसटण्याचा धोका असतो, म्हणून ती सवयीच्या हातांनी, गरज असेल तेव्हाच. लहान गाठ वेळेत सापडली तर दुर्बिणीतून फुफ्फुसाचा तेवढा भाग काढता येतो, आणि ऑपरेशन झेपणार नसेल तर नेमक्या जागी रेडिएशन देता येतं. काकांच्या वेळी आमच्यापुढे यातलं काहीच उरलं नव्हतं.

बिडी आजच सोडायची

रिपोर्ट चांगला आला की काही जण गेटबाहेर जाऊन आधी एक पेटवतात. मला खिडकीतून दिसतं. रिपोर्टचा अर्थ एवढाच, की आज, या दिवशी, दिसण्याइतकी गाठ नाही. स्कॅन गाठ शोधतो, गाठ होणं थांबवत नाही. ते काम बिडी सोडण्यानेच होतं, आणि सोडल्यावर वर्षागणिक धोका उतरत जातो, साठीत सोडली तरीसुद्धा.

मनाच्या जोरावर सोडता आली नाही तर त्यात लाज नाही, निकोटिनची पकड तशीच असते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन फुकट आहे. निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, डॉक्टर गोळ्याही देतात. स्कॅनच्या दिवशी माणूस आतून हललेला असतो. घरच्यांनी त्या दिवशी टोमणे मारू नका. “बाबा, मी फोन लावून देते, तुम्ही फक्त बोला” एवढंच म्हणा. आमच्या रिसेप्शनच्या टेबलावरून असे बरेच फोन लागलेत.

पुढच्या वर्षी

मी सीडीच्या पाकिटावर जाड मार्करने पुढची तारीख लिहून देतो. घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती उतरवून घ्या. नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की जुनं खाली उतरवायच्या आधी तारीख त्यावर घ्या. शक्यतो त्याच सेंटरला, तीच लो-डोस चिठ्ठी, जुनी सीडी बरोबर. वय ८० झालं किंवा प्रकृतीला उपचार झेपेनासे झाले की डॉक्टरांशी बोलून थांबायचं. ते ड्रायव्हर काका यंदा मार्चमध्ये परत आले होते. दोन्ही सीड्या एकाच पिशवीत होत्या, वर रबर लावलेला, आणि शर्टाचा खिसा रिकामा होता.